वॉर्डापासून प्रयोगशाळा किती दूर?

खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘अ‍ॅक्ट्रेक’ म्हणून पाहा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या हातातल्या फाइलकडे, आणि स्वतःच दुरुस्ती करेल : ‘टाटा ना?’ संस्थेचे पूर्ण नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर’. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? पनवेल तालुक्यातल्या या डोंगराकाठच्या साठ एकरांना सगळे ‘टाटा’च म्हणतात. रिक्षावाला चुकत नाही. इथे जे काही चालते त्याचे मूळ परळलाच आहे. मात्र ते मूळ रुग्णालयात जितके आहे तितकेच त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या एका प्रयोगशाळेत आहे, आणि तिची गोष्ट रुग्णालयाच्या गोष्टीइतकी सांगितली जात नाही.

रुग्णालयाची गोष्ट बहुतेकांना थोडीफार ठाऊक असते. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला उघडले. मेहेरबाई या माहेरच्या भाभा, होमी भाभांची आत्या. हा तपशील नुसता नातेसंबंधाचा नाही, पुढे कामाला येणार आहे.

रुग्णालय उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांचा आणि संशोधनाचा कारभार डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आला. लंडन विद्यापीठाचे एम. डी. झालेले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवलेले हे गृहस्थ. विकृतिशास्त्रज्ञाचे काम म्हणजे शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा कापायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि गाठ साधी की कॅन्सरची ते सर्जनला कळवायचे. खानोलकर तेवढ्यावर थांबत नसत. गाठ कुठे आहे हे कळल्यावर ती नेमकी तिथेच का, असे ते विचारीत. 1945 मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कॅन्सरवर एक लेख लिहिला. कमरेला धोतराची गाठ रोज घट्ट आवळल्याने कातडीला होणारा ‘धोती कॅन्सर’ त्यात आहे, आणि ओठाच्या खोबणीत चुना-तंबाखूची गोळी धरून ठेवणाऱ्यांचा ‘खैनी कॅन्सर’ही आहे. युरोपातल्या वैद्यकीय पुस्तकांत हे सापडणे शक्यच नव्हते, कारण युरोपात कुणी धोतर नेसत नव्हते.

धोतराचा प्रश्न पडला की एकट्या विकृतिशास्त्राने भागत नाही. किती लोक धोतर नेसतात, कोणत्या जातीत, कोणत्या प्रांतात, त्यांपैकी कितींना गाठ होते, हे मोजायला संख्याशास्त्र लागते. जात-पोटजातीत लग्ने होत असल्याने रक्तातून काय उतरते आणि सवयीतून काय येते हे वेगळे करायला आनुवंशिकी लागते. तंबाखूत नेमके काय आहे हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ हवा. खानोलकरांनी ही माणसे जमवायला सुरुवात केली, आणि 1952 मध्ये रुग्णालयाच्या शेजारी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच सुमारास, 1950 ते 1954 या काळात, ते कॅन्सरविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षही होते. पुढे 1960 पासून तीन वर्षे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू.

जमवलेल्या माणसांत डॉक्टर होतेच, पण डॉक्टर नसलेले कितीतरी. एल. डी. संघवी आनुवंशिकी आणि आकडेवारीचे. त्यांनी के. सी. एम. राव आणि खानोलकर यांच्यासह 1955 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे, तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा गाजलेला अभ्यास त्याच नियतकालिकात छापून जेमतेम पाच वर्षे झाली होती. तिकडे सिगारेट होती, इकडे विडी आणि चघळण्याची तंबाखू. प्रश्न तोच, तोंड वेगळे.

सत्यवती सिरसाट सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेल्या. लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे तंत्र शिकून त्यांनी परळला त्याची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचे एक काम मराठी वाचकाला विशेष रुचेल, किंवा झोंबेल. तोंडातली कातडी आतून ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते, असा एक आजार आपल्याकडे पुष्कळ दिसतो. त्याच्या मागे मिरची आहे का, हे तपासायला सिरसाट आणि खानोलकर यांनी आधी आहार बदलून तयार केलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतले कॅप्सायसिन लावून पाहिले. ते निष्कर्ष 1960 मध्ये छापून आले. या आजाराचा मोठा दोष पुढे सुपारीकडे गेला. पण मिरचीची चौकशी तरी या लोकांनी प्रयोगशाळेत केली, नुसत्या चर्चेत नाही.

आता कमलताई रणदिवे. त्यांच्यापाशी जरा थांबायला हवे.

8 नोव्हेंबर 1917 ला पुण्यात जन्म, माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये. तिने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. तिने वनस्पतिशास्त्र धरले आणि 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी. केले ते सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर. तोवर गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झाले होते आणि बिऱ्हाड मुंबईला आले होते. टाटा मेमोरियलमध्ये खानोलकरांच्या हाताखाली काम सुरू झाले आणि सीताफळाची गुणसूत्रे पाहणारी नजर उंदराच्या स्तनातल्या गाठींवर स्थिरावली. 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली.

खानोलकरांनी मग त्यांना अमेरिकेला धाडले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. हे गे म्हणजे 1951 मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत ‘हेला’ पेशी रुजल्या तेच. त्या पेशी आजही जगभर वाढताहेत. कमलताई तिथे राहू शकल्या असत्या. परतल्या आणि त्यांनी परळला देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. 1950 च्या दशकातल्या मुंबईत पेशी जिवंत ठेवणे म्हणजे निर्जंतुक काच, रोजचे ताजे पोषणद्रव्य आणि बिघडले की पहिल्यापासून सुरुवात. वर मे महिन्यातला परळचा उकाडा.

उंदरांच्या शुद्ध वंशावळी सांभाळून त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा हात कुठे कुठे आहे हे शोधले. त्यांच्या कामाची फांदी अनपेक्षित दिशेलाही गेली. 1958 मध्ये सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून घेतलेले जंतू माणसाच्या मज्जातंतूंच्या पेशींत वाढवून पाहिले. त्या जंतूंना संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी बॅसिलस’ म्हणतात. पुढे डॉ. माधव देव यांनी त्यावरून कुष्ठरोगाची लस तयार केली. कॅन्सरच्या प्रयोगशाळेने कुष्ठरोगात डोके का घालावे, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला असेल तर खानोलकरांचे उत्तर काय असणार याचा अंदाज बांधता येतो. पेशी वाढवण्याची विद्या हातात आहे, आणि कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही हीच तर सगळ्यांची अडचण होती. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग्यांसाठीचे शांतिवन आहे. खारघरला संस्था आली तेव्हा या दोन जागांमध्ये काही किलोमीटरचेच अंतर उरले, हा योगायोग कमलताईंना आवडला असता.

1966 ते 1970 या काळात त्यांनी संस्थेचे प्रभारी संचालकपदही सांभाळले. 1973 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापली, आणि तिचे मुख्यालय नंतर वाशीला झाले. नव्या मुंबईत त्यांची संघटना त्यांच्या संस्थेच्या आधीच पोचली होती म्हणायची. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

मधल्या काळात कागदोपत्री बरेच बदलले. 1957 मध्ये रुग्णालय केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले, 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. कॅन्सरचे रुग्णालय अणुऊर्जा खात्यात, हे ऐकून आजही लोक चमकतात. त्यामागे किरणोपचाराचे कारण होते, संशोधनाचेही होते, आणि त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा. आत्याच्या नावाचे रुग्णालय भाच्याच्या खात्यात आले. 1966 मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एका छत्राखाली आणून टाटा मेमोरियल सेंटर झाले. संशोधन संस्थेला आता कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणू लागले. परळच्या बोलीत ‘सीआरआय’.

सीआरआयच्या पुढच्या पिढीने खानोलकरांचा प्रश्न आणखी घरात आणला, थेट मोरीत. आपल्याकडच्या गावोगावच्या बायका सकाळी मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दाताला घासायची. दात साफ होतात असे सांगायचे, तलफ भागते हे सांगायचे नाही. डॉ. सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी जर्मन शास्त्रज्ञांसोबत ही मशेरी रासायनिक तपासणीला घातली. तंबाखूतली कॅन्सरकारक नायट्रोसअमाइन्स तीत सापडली, आणि जनुके बिघडवण्याची तिची ताकद प्रयोगांत दिसली. 1987 मध्ये ते छापून आले. रजनी भिसे यांनी विडी कामगार बायकांकडे पाहिले. या बायका विडी ओढत नाहीत, वळतात. तरी तंबाखूचे अंश त्यांच्या लघवीत होते. याच भिडेंच्या प्रयोगशाळेत हळदीतल्या कर्क्युमिनवर आणि विड्याच्या पानावरही काम झाले. कर्क्युमिन तंबाखूच्या अर्काचा जनुकांवरचा घाला बोथट करते, असे जिवाणूंवरच्या चाचणीत 1987 च्या सुमारास दिसले. परीक्षानळीतले जिवाणू आणि परळच्या वॉर्डातला माणूस यांच्यात किती पायऱ्या असतात हे भिडेंना नीट ठाऊक होते. हळद घेऊन कॅन्सर बरा करण्याचे निरोप सकाळी सकाळी पाठवणाऱ्यांना ते ठाऊक नसते. धूतपापेश्वरसारखा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना 1872 पासून पनवेलात आहे. वनस्पतींवर विश्वास इथल्या मातीतच आहे आणि त्यात वावगे काही नाही. पण भिडे आणि सहकाऱ्यांनी जे केले त्याचे नाव विश्वास नाही, तपासणी.

वॉर्डातही घडत होते. डॉ. सुरेश अडवाणी, लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर बसून काम करणारे, अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉनल थॉमस यांच्याकडे अस्थिमज्जा रोपण शिकून आले. 20 मार्च 1983 रोजी त्यांनी टाटामध्ये भारतातले पहिले रोपण केले. रक्ताच्या कॅन्सरची नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. मज्जा जुळते की नाही, नव्या शरीरात रुजते की शरीरावरच उलटते, हे सगळे प्रतिकारशास्त्राचे प्रश्न. शेजारी सीआरआयमध्ये डॉ. सुधा गंगल यांचा प्रतिकारशास्त्राचा विभाग होता. दोन इमारतींमधले अंतर चालत पाच मिनिटांचे. नळी हातात घेऊन जाण्याइतके.

हेच अंतर 2002 मध्ये तीस-पस्तीस किलोमीटर झाले.

परळला जागा उरली नव्हती. रुग्णांची रांग फुटपाथवर आलेली होती, प्रयोगशाळा खोल्याखोल्यांत कोंबलेल्या होत्या. तेव्हाच्या संचालक डॉ. केतायून दिनशॉ यांच्या काळात खारघरचा आराखडा प्रत्यक्षात आला आणि कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट पनवेल तालुक्यात हलली. संशोधन संस्था हलवणे म्हणजे टेबल-खुर्च्या ट्रकमध्ये घालणे नसते. पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या उंदरांच्या वंशावळी हलवायच्या, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या पेशी हलवायच्या, आणि वीज एक दिवसही जाता कामा नये. खारघर तेव्हा सिडकोचे अर्धवट भरलेले नगर होते. पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा पाहायला येणारे, नाहीतर घराचा हप्ता स्वस्त पडेल म्हणून येणारे. शास्त्रज्ञ परळहून संस्थेच्या बसने येत-जात.

माझ्या मते या स्थलांतरात एक खरा धोका होता. गाठीचा तुकडा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून प्रयोगशाळेत किती मिनिटांत पोचतो यावर त्यातले बरेच काही शिल्लक राहते की नासते हे ठरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुपारी कँटीनमध्ये सर्जन आणि जीवशास्त्रज्ञ एका टेबलावर बसतात, त्यातून जे सुचते ते कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात येत नाही. खारघरच्या आराखड्याने यावर उपाय शोधला तो असा, की प्रयोगशाळा रुग्णालयापासून दूर गेली तर तिच्या मागून रुग्णालयच बोलवायचे. आवारात दोन मोठ्या इमारती झाल्या. संशोधनाची खानोलकर शोधिका आणि रुग्णोपचार-संशोधनाची पेमास्टर शोधिका. दुसरे नाव टाटातले सर्जन डॉ. जे. सी. पेमास्टर यांचे. 

मग एकेक शास्त्र येऊन दाखल होत गेले. 2005 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी बनवलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट किरणोपचाराचे पहिले देशी यंत्र इथेच बसले. तोवर अशी यंत्रे परदेशातून यायची आणि सुटा भाग बिघडला की महिनोन् महिने अडून राहायची. अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांना खारघरचे डॉक्टर जवळ होते. काय अडते ते समोर सांगता येई. पुढे भाभाट्रॉन व्हिएतनामलाही गेले. 2007 मध्ये अस्थिमज्जा रोपणाचा विभाग परळहून खारघरला आला. डॉ. राजीव सरीन यांच्यासारखे किरणोपचारतज्ज्ञ संचालक झाले, ज्यांचा दुसरा विषय घराण्यात उतरणारा कॅन्सर होता. डॉ. शुभदा चिपळूणकर गॅमा-डेल्टा टी पेशींवर काम करीत करीत संचालकपदापर्यंत आल्या. होमी भाभा राष्ट्रीय संस्थान हे अभिमत विद्यापीठ झाल्यावर इथले विद्यार्थी त्याची पीएच. डी. घेऊ लागले. 2023 मध्ये प्रोटॉन किरणोपचार सुरू झाला. प्रोटॉनचा झोत ठरलेल्या खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडतो आणि पुढे जात नाही, त्यामुळे मुलांच्या मेंदूतल्या गाठींसारख्या ठिकाणी त्याचा उपयोग मोठा. ते यंत्र चालवायला डॉक्टरांइतकेच पदार्थवैज्ञानिक लागतात.

या सगळ्याचा कस लागला तो 2021 मध्ये. पवईच्या आयआयटीत जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात डॉ. राहुल पुरवार आणि त्यांचे विद्यार्थी काही वर्षे एका गोष्टीच्या मागे होते. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांत एक नवे जनुक घालायचे, म्हणजे त्या पेशींवर एक आकडा उगवतो. तो आकडा बी पेशींवरच्या सीडी19 या प्रथिनाला ओळखून पकडतो. मग अशा लक्षावधी पेशी वाढवून त्याच रुग्णाच्या शरीरात परत सोडायच्या. याला कार-टी म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड या मुलीला 2012 मध्ये याच पद्धतीने रक्ताच्या कॅन्सरमधून वर काढले होते. तिकडे हा उपचार कोट्यवधी रुपयांचा. पवईला पेशी घडवता येत होत्या, रुग्ण नव्हते. खारघरला रुग्ण होते, रोपणाचा विभाग होता, आणि डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला यांच्यासारखे डॉक्टर होते.

4 जून 2021 रोजी, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, अ‍ॅक्ट्रेकच्या रोपण विभागात भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. पेशी पवईला घडल्या होत्या. म्हणजे रुग्णाचे रक्त खाडी ओलांडून पवईला गेले आणि बदलून खाडी ओलांडून परत आले. ऑक्टोबर 2023 मध्ये या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, ‘नेक्सकार19’ या नावाने. विदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शात तो मिळू लागला. तेही सामान्य घराला परवडणारे नाही, हे खरेच. चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. ज्यांचे मूल्यमापन करता आले त्यांपैकी 73 टक्के रुग्णांत उपचाराचा परिणाम दिसला. उरलेल्यांचे काय, काहींत रोग का परतला, हे आता खारघरच्याच प्रयोगशाळांतले प्रश्न आहेत. पण यातली पहिली पायरी, म्हणजे माणसाच्या पेशी शरीराबाहेर काढून जिवंत ठेवणे, ही विद्या कमलताई सत्तर वर्षांपूर्वी बाल्टिमोरहून परळला घेऊन आल्या होत्या.

आवारातले लोक मोठी नावे घेत नाहीत. खानोलकर शोधिका म्हणजे ‘केएस’, पेमास्टर शोधिका म्हणजे ‘पीएस’. सकाळी पीएसमधून रक्ताच्या नळ्यांचा डबा घेऊन निघालेला मुलगा झाडाखालून चालत केएसला येतो, सही घेतो, डबा ठेवतो आणि परत जातो.